चौदा माणसे, एक टेबल: बेळगावातील एका कौटुंबिक जेवणाचे प्रकरण

आजींची पंच्याहत्तरी. महिना डिसेंबर, ठिकाण बेळगाव, माणसे १४. घरी स्वयंपाक करायचा नाही, सगळ्यांनी एकत्र बसून हॉटेलात जेवायचे, एवढेच ठरलेले. इथे मांडलेले कुटुंब कुठले एक घर नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणी, बैलहोंगल या पट्ट्यातल्या मराठी घरांत वारंवार दिसणारे पेच एका टेबलावर आणून हे प्रकरण रचले आहे. पेच मात्र सगळे खरे आहेत आणि एकाच जेवणात ते एकत्र आलेले सहज दिसतात.

आधी माणसे पाहू. आजी माळकरी. मांस-मासे वर्ज्य, एकादशी काटेकोर, आणि जिथे मांस शिजते तिथले पाणीही त्या पीत नाहीत. आजोबा ८० वर्षांचे, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे. खानापूरचा थोरला मुलगा, सून आणि दोन तरुण नातू: रविवारी मटण नसेल तर जेवण झाले असे न मानणारे. निपाणीचा मधला मुलगा, सून आणि सुनेची आई. या विहीणबाई दिगंबर जैन, कंदमुळे न खाणाऱ्या आणि सूर्यास्तानंतर अन्न न घेणाऱ्या. सून एरवी कांदा-लसूण खाते, पण आई शेजारी असताना नाही. पुण्याचा धाकटा मुलगा, सून आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा. या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. बैलहोंगलची लेक आणि जावई. जावई लिंगायत, शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. लेकीला सीलिॲक, म्हणजे गहू, जव आणि राय (गव्हासारखे एक धान्य, मोहरी नव्हे) यांतले ग्लुटेन तिच्या आतड्याला इजा करते. बैलहोंगलच्या घरात रोजची भाकरी ज्वारीची, त्यामुळे घरी तिचे अडत नाही. अडते ते बाहेर.

पहिला प्रस्ताव खानापूरहून आला: शनिवारी रात्री आठ वाजता, शाकाहारी-मांसाहारी दोन्ही मिळणारे एखादे फॅमिली रेस्टॉरंट. बहुमत याच बाजूला होते. १४ पैकी आठ-नऊ जणांना तिथे काहीही खाता आले असते, उरलेल्यांनी “काहीतरी साधे” मागवायचे. बहुतेक घरांत निर्णय असाच होतो आणि जेवण बिघडायला सुरुवातही इथूनच होते. हॉटेल निवडताना मते मोजायची नसतात. कोणाचे बंधन मोडले तर काय होईल, ते पाहायचे असते.

तसे पाहिले तर या घरात बंधनांचे तीन थर आहेत. मुलाची ॲलर्जी, लेकीचे सीलिॲक आणि आजोबांच्या जेवणाची वेळ यांत चूक झाली तर माणूस आजारी पडतो. मुलाच्या बाबतीत जीवही जाऊ शकतो. आजींची माळ, विहीणबाईंचा नेम आणि जावयांचा शाकाहार हे व्रताचे आणि श्रद्धेचे. तिथे चूक झाली तर दवाखाना लागत नाही, पण माणूस उपाशी उठतो आणि नात्यात गाठ बसते. मटण ही आवड. आवड खालच्या थरावर असली तरी ती फुकाची नसते, तिचीही सोय करावी लागते. फक्त ती याच टेबलावर व्हायला हवी असे नाही.

शनिवारची रात्र सूर्यास्तामुळेच बाद झाली. डिसेंबरात बेळगावात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मे-जूनमध्ये तो सातच्या आसपास जातो, म्हणून उन्हाळ्यात लवकरचे रात्रीचे जेवण कसेबसे जमते, हिवाळ्यात नाही. शिवाय काही जैन घरांत सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच जेवण आटोपतात. विहीणबाईंना आठ वाजता टेबलावर बसवून पाण्याचा पेलाही पुढे करता येणार नसेल, तर त्यांना बोलवायचे कशाला? वेळ दुपारची ठरली.

मग रविवार. पहिला सुचलेला रविवार एकादशीचा निघाला. दर महिन्याला दोन एकादश्या येतात, आणि स्मार्त व भागवत एकादशी कधी कधी वेगवेगळ्या दिवशी पडतात. माळकऱ्यांची कोणती, ते पंचांगात पाहूनच तारीख घ्यावी. एकादशी धरून चालता आले असते, आजींना फराळ मागवता आला असता, असे काहींचे म्हणणे. पण उपवासाचे पदार्थ शेंगदाण्यावर उभे असतात: साबुदाण्याची खिचडी, भगरीबरोबरची दाण्याची आमटी, कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. ज्या टेबलावर नातवाला शेंगदाण्यापासून वाचवायचे आहे, तिथेच आजींच्या ताटात दाण्याचा कूट येणार. बरे, उपवासाचे म्हणजे जैन चालते असेही नाही. उपवासाला बटाटा आणि रताळे चालते, जैनांना दोन्ही चालत नाहीत. म्हणून तारीख पुढच्या रविवारी ढकलली. एका फोनवर सुटणारी ही गोष्ट टेबलावर बसल्यावर सुटत नाही.

आता ठिकाण. बेळगावात शाकाहारी जेवणाच्या जागा ढोबळमानाने चार प्रकारच्या, आणि चारही तपासल्या गेल्या.

जावयांना हवी होती खानावळ. उत्तर कर्नाटकातल्या लिंगायत खानावळीचे जेवण या भागातले सर्वांत सच्चे जेवण आहे, याबद्दल दुमत नको: ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगा चटणी, गुरेळाची म्हणजे कारळ्याची चटणी, दही, कच्चा कांदा, काकडी. मांसाहार नाही, आजी आणि जावई निश्चिंत. आजोबांसाठी ज्वारी पांढऱ्या भातापेक्षा बरी. पण याच ताटात मुलासाठी सर्वांत मोठा धोका आहे. शेंगा चटणी प्रत्येक टेबलावर उघड्या भांड्यात. एण्णेगायीच्या मसाल्यात शेंगदाण्याचा कूट. फोडणीला अनेक ठिकाणी घाण्याचे शेंगतेल. हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यावा. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिने जवळपास उरत नाहीत आणि ॲलर्जी प्रथिनांची असते. लाकडी घाण्याच्या तेलात ती उरतात, त्यामुळे ते तेल ॲलर्जीच्या माणसाला चालत नाही. आणि सीमाभागात घाण्याच्या तेलाला मान आहे, ते चांगले म्हणून मुद्दाम वापरतात. खानावळीत सकाळी केलेले जेवण दुपारी वाढले जाते, ऑर्डरनंतर काही नव्याने शिजत नाही. कांदा-लसूण वगळून द्या म्हटले तरी देणार कसे? चवीने पहिली असलेली जागा इथे सर्वांत आधी बाद झाली, आणि जावयांना कारण स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी ते लगेच मानले. कारण न सांगता “तिथे नको” म्हटले असते, तर तो त्यांच्या खाण्याचा अपमान वाटला असता.

दुसरा पर्याय उडुपी पद्धतीचे हॉटेल. इडली तांदूळ-उडदाची, वाफेवरची, लेकीसाठी बरी वाटणारी. पण रवा इडली आणि रवा डोसा गव्हाच्या रव्याचे, आणि रवा डोसा त्याच तव्यावर पडतो ज्यावर साधा डोसा पडतो. सांबार सकाळीच शिजून तयार, त्यात कांदा आणि हिंग. हिंगाबद्दल बहुतेकांना माहीत नसते ते हे: बाजारात डबीत मिळणारे हिंग शुद्ध नसते, ते पिठात मिसळून बांधलेले असते, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीवर घटक छापलेले असतात, पण ती डबी हॉटेलच्या स्वयंपाकघरात असते, आपल्या हातात नाही. खोबऱ्याच्या चटणीत डाळे घालतात, अनेक ठिकाणी शेंगदाणेही घालतात, कारण खोबरे महाग. सकाळच्या नाश्त्यासाठी ही जागा उत्तम, १४ जणांच्या दीड तासाच्या जेवणासाठी नाही. रविवारी दुपारी बाहेर रांग असताना टेबल सोडायची घाईही होते.

तिसरा पर्याय गुजराती-राजस्थानी थाळी. जैन थाळी मिळते असे फलकावर लिहिलेले. इथे फोनवर एकच प्रश्न विचारला: जैन भाजीत बटाटा असतो का? उत्तर आले, “कांदा-लसूण नाही, बटाटा असतो, काढून देऊ.” म्हणजे त्यांच्या लेखी जैन म्हणजे कांदा-लसूण नसलेले. विहीणबाईंना बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळे, सुरण, ओले आले, ओली हळद काहीच चालत नाही. सुंठ आणि सुकी हळद चालते. वांगे बहुबीज म्हणून नको. शिवाय डाळीबरोबर कच्चे दही त्या एकत्र घेत नाहीत, म्हणजे दहीवडाही गेला. थाळीची खरी अडचण मात्र वेगळी. थाळीत पंधरा-वीस वाट्या सगळ्यांना एकसारख्या येतात, वाढपी एकाच डावाने एका ताटातून दुसऱ्या ताटाकडे जातात, आणि फरसाणात शेंगदाणे असतातच. थाळी हे १४ जणांसाठी सोपे वाटते, पण वेगवेगळ्या बंधनांसाठी ती सर्वांत कठीण रचना आहे. तिच्यात बदल करायला जागाच नसते.

उरले ते मेनूकार्डवरून मागवण्याचे शुद्ध शाकाहारी रेस्टॉरंट. पंजाबी, थोडे चायनीज, थोडे दक्षिणी. चवीत खानावळीच्या जवळही जात नाही. पण तिथे पदार्थ ऑर्डरनंतर कढईत पडतो, आणि इथे निर्णायक ठरले ते हेच. सकाळी नऊलाच कांदा-टोमॅटोची मोठी ग्रेव्ही तयार होते हे खरे, आणि पनीरच्या बहुतेक भाज्या तिच्यातूनच निघतात. तरी डाळ साधी शिजवून ठेवलेली असते आणि फोडणी शेवटी पडते. भेंडी, मटार, पनीर सुट्टे असतात. जे शेवटच्या दहा मिनिटांत होते ते बदलून मागता येते, जे सकाळी झाले आहे ते नाही. हॉटेलचे नाव, फलक किंवा तारांकित अभिप्राय यांपेक्षा ही एक गोष्ट जास्त सांगून जाते.

अशी दोन हॉटेले उरली. एक बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजींचे गुडघे आणि गल्लीतले पार्किंग पाहता ते गेले. दुसरे मोठ्या रस्त्यावर, तळमजल्याला. खानापूरची मंडळी टिळकवाडीच्या बाजूने येणार, निपाणीची महामार्गाने, दोघांनाही सोयीचे. ते घेतले, पण फोनवर सगळे बोलून झाल्यावरच.

हा फोन शनिवारी दुपारी साडेचारला केला गेला, आणि वेळ मुद्दाम निवडली. दुपारचे जेवण आटोपलेले असते, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायची असते, मॅनेजर निवांत असतो आणि आचारी जागेवर असतो. रविवारी दीड वाजता हेच प्रश्न विचारले तर उत्तर एकच येते: “हो, होईल.” ऐकून न घेता दिलेले हो कशाचेच नसते. म्हणून होकार-नकारात उत्तर देता येणारे प्रश्न टाळले. “शेंगदाणे नसतात ना?” असे न विचारता “ग्रेव्ही घट्ट कशाने करता?” असे विचारले. उत्तर मिळाले: काजू आणि मगज (टरबुजाच्या बियांचा गर), दाणे नाहीत. “तळणाला आणि फोडणीला कोणते तेल?” सूर्यफूल. “शेंगदाणे स्वयंपाकघरात कशा-कशात वापरता?” इथे खरी माहिती बाहेर आली: मसाला पापडावर, चाटमध्ये, आणि सकाळच्या पोह्यांत. दाणे तळायची कढई आणि भजी-मंचुरियनची कढई एकच. म्हणजे मुलासाठी तळलेले सगळे बाद, कढईतली ताजी भाजी चालेल. “हिंग कोणते?” डबीतले. मग हिंग वगळायचे ठरले. “फुलके आणि तंदुरी रोटी कुठे करता?” फुलके वेगळ्या तव्यावर, पण भाकरी मिळत नाही.

भाकरी न मिळणे हेच बरे झाले. हॉटेलात ज्वारीची भाकरी मिळाली असती तरी ती पोळीच्याच तव्यावर भाजली गेली असती, आणि पीठ ज्या गिरणीतून आले तिथे गहूही दळला जातो. सीलिॲकमध्ये तव्यावर राहिलेले थोडे पीठही पुरेसे ठरते. लेकीने घरची कडक भाकरी आणायचे ठरवले. पातळ थापून पूर्ण वाळवलेली ही भाकरी उत्तर कर्नाटकात प्रवासाचीच आहे, आठवडाभर टिकते, गरम करावी लागत नाही. बाहेरचे अन्न आत आणायला मॅनेजरची परवानगी आधीच घेतली, कारण वैद्यकीय म्हणून सांगितले. बहुतेक मॅनेजर हे मान्य करतात. दारात वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी विचारलेले बरे.

एक गोष्ट नोंदवावी लागेल. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार मेनूवर ॲलर्जी देणाऱ्या घटकांची माहिती द्यायचे बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा-त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांवर आहे. बेळगावातले एका-दोन शाखांचे हॉटेल त्यात येत नाही. त्यामुळे मेनूकार्डवर काही लिहिलेले नाही याचा अर्थ त्या पदार्थात काही नाही असा घेऊ नये.

मेनू ठरवताना नेहमीची पद्धत अशी: सर्वांसाठी पाच-सहा भाज्या, आणि बंधन असलेल्यांसाठी वेगळे काहीतरी. इथे उलट केले. आधी सर्वांना चालेल असे काय आहे ते शोधले. तुरीची डाळ, फोडणीला तेल, जिरे, कढीपत्ता, हिरवी मिरची, टोमॅटो. हिंग नाही, कांदा-लसूण नाही, आले नाही. ही एक डाळ विहीणबाईंना, लेकीला, मुलाला, आजींना, सगळ्यांनाच चालते. भेंडी जिऱ्यावर परतलेली, ताज्या तेलात, धुतलेल्या कढईत. साधा भात. पनीर-मटार मगज आणि टोमॅटोच्या ग्रेव्हीत, सकाळच्या ग्रेव्हीचा चमचाही न घालता. काजू इथे मुद्दाम टाळले, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना काजू-बदामही बाधतात, आणि या मुलाची तपासणी झालेली असली तरी हॉटेलच्या मोजमापावर विसंबायचे नव्हते. हे चार पदार्थ टेबलाच्या मधोमध. त्यामुळे विहीणबाई आणि लेक एका कोपऱ्यात वेगळे ताट घेऊन बसल्या नाहीत. सगळे जे खात होते तेच त्याही खात होत्या. वेगळ्या आहाराच्या माणसाला भुकेपेक्षा जास्त टोचते ते सतत चर्चेचा विषय होणे. ही बाजू नियोजनात बसवावी लागते, नंतर जिभेने सावरता येत नाही.

प्रमाण: अशा रेस्टॉरंटातली एक भाजी साधारण तीन माणसांना पुरते. समान पदार्थांपैकी डाळ चार, भेंडी तीन, पनीर तीन, भात पाच प्लेट. फुलके बारा जणांसाठी माणशी तीन, म्हणजे ३६, पण एकदम नाही, दोन खेपांत, नाहीतर शेवटचे वातड होतात. याशिवाय कांदा-लसूण खाणाऱ्यांसाठी दोन चमचमीत भाज्या. तरुण नातवांना मंचुरियन हवे होते, ते मिळाले, मात्र लेकीपासून लांबच्या टोकाला: सोया सॉसमध्ये गहू असतो.

आजोबांचे गणित वेळेचे. ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात आणि नाश्त्याबरोबर घेतलेली गोळी दुपारीही काम करत असते. जेवण लांबले की साखर उतरते. म्हणून टेबल सव्वाबाराचे घेतले. एकची गर्दी सुरू होण्याआधी पहिली डाळ-भाजी यावी, हा हिशोब. ऑर्डरसाठी सर्व १४ जण येईपर्यंत थांबायचे नाही. निपाणीची गाडी वाटेत थांबली किंवा खानापूरची मंडळी रेल्वे गेटवर अडकली तर आजोबांनी वाट पाहायची नाही. चार समान पदार्थ आदल्या दिवशीच सांगितलेले असल्याने पहिल्या पाच जणांबरोबर ते टेबलावर येऊ शकतात. घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसली, किंवा मोजणीत साखर ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली आली, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे, पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. साखरेच्या पुड्या खिशात हव्यात, हॉटेलवर अवलंबून राहू नये. जे जेवणाआधी इन्सुलिन टोचतात त्यांनी घरून टोचून निघू नये. नेमके केव्हा घ्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण रविवारच्या हॉटेलात पान कधी वाढले जाईल याची खात्री नसते.

प्रत्यक्ष दिवशी काय बिघडू शकते, आणि बहुतेक वेळा काय बिघडते? मागवलेल्या पदार्थांत चूक क्वचित होते. चूक होते ती न मागवता टेबलावर येणाऱ्या गोष्टींत. टेबलावर बसताच स्वागताचा मसाला पापड आला, वर कांदा, शेव आणि शेंगदाणे. पुढे ताकाचे पेले आले, मसाला ताक, त्यात हिंग आणि आले, म्हणजे लेक आणि विहीणबाई दोघींनाही नको. फोन आदल्या दिवशीच्या मॅनेजरशी झाला होता, वाढायला आलेला मुलगा सकाळच्या पाळीचा. निरोप वरून खाली पोहोचला नव्हता. यावर उपाय कागदाचा आहे. हाताएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी, एक प्रत मॅनेजरकडे, एक कढईजवळ: टेबल अमुक, शेंगा अजिबात नको, गहू आणि हिंग नको, कांदा-लसूण-आले-बटाटा नको. जावयांनी तो कन्नडमध्ये लिहून दिला. शेंगा, उळ्ळागड्डी (कांदा), बळ्ळोळ्ळी (लसूण), गोदी (गहू), हेच शब्द आतल्या लोकांच्या तोंडी असतात. आचारी उत्तरेकडचा असेल तर हिंदीत एक प्रत. वाढणाऱ्या मुलाला दटावून उपयोग नाही, त्याला काय हवे ते दिसले पाहिजे. आणि बसताच पहिले वाक्य ठरलेले असावे: “पापड, ताक, चटणी, मुखवास, विचारल्याशिवाय काही आणू नका.”

बसायची जागाही ठरलेली हवी. चौघांची चार टेबले जोडली तर दोन्ही बाजूंना आठ-आठ माणसे बसतात, दोन खुर्च्या रिकाम्या ठेवता येतात. मूल भिंतीकडच्या टोकाला, शेजारी आई, दुसऱ्या बाजूला आजी. मंचुरियन दुसऱ्या टोकाला. समान पदार्थांच्या प्रत्येक भांड्यात आपापला डाव आणि तो दुसऱ्या भांड्यात जाणार नाही यावर लक्ष ठेवायला एक माणूस, इथे पुण्याची सून.

वाढदिवसाच्या केकचा प्रश्न उरला होता. बेकरीचा केक अंड्याचा, अंड्याशिवायचा घेतला तरी मैद्याचा, आणि त्याच बेकरीत शेंगदाण्याची बिस्किटे. गोकाकचे करदंट सुक्यामेव्याचे, मुलासाठी नको. मांडे गव्हाचे, लेकीला नको. निवड कुंद्यावर आली. चांगला कुंदा दूध आणि साखर आटवून होतो. दुकानात दोनच गोष्टी विचारल्या: रवा मिसळला आहे का, आणि सुकामेवा वर पसरला आहे का? उघड्या थाळीतला, सगळ्या मिठायांना एकच चमचा वापरून दिलेला कुंदा नको. घटक छापलेला बंद डबा घ्यावा. आजोबांना एक चमचा, जेवणानंतर लगेच, वेगळा मधल्या वेळी नाही.

मुलाच्या बाबतीत जेवण संपले म्हणजे काम संपले असे नाही. शेंगदाण्याची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत येते. म्हणून पुण्याची गाडी जेवणानंतर लगेच महामार्गाला लागली नाही, दोन तास शहरातच थांबली. जवळचा आपत्कालीन विभाग असलेला दवाखाना आधीच पाहून ठेवलेला. अंगावर गांधी, ओठ सुजणे, उलटी, श्वासाला घरघर यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा श्वासच अडखळला, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहायची नाही. त्या वेळी काम करते ते ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. डॉक्टरांनी दिलेले असेल तर लगेच द्यायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा.

मटणाचे काय? शनिवारी संध्याकाळी खानापूरला घरच्या अंगणात चुलीवर मटण झाले, पुण्याहून आलेल्यांसह. विहीणबाई रविवारी सकाळी निपाणीहून थेट येणार होत्या, आणि आजी बेळगावच्या घरी. कोणाला काही सोडावे लागले नाही. रविवारी दोन तरुण नातू डाळ-भात खाऊन कुरकुरले नाहीत, कारण त्यांचे आधीच झाले होते. दोन जेवणे करायला वेळ नसेल तर दुसरा मार्ग वेगळ्या स्वयंपाकघराचे शाकाहारी-मांसाहारी हॉटेल, पण आजी आणि जावई असताना तो इथे चालला नसता. “किचन वेगळे आहे” हे सांगणे आणि भांडी घासायची मोरी, तंदूर आणि वाढपी वेगळे असणे यांत फरक आहे, आणि माळकऱ्यांना तो कळतो.

बिलाबाबत एकच: अशा रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के लागतो, सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. ते बिलात आधीच लावले असेल तर काढायला सांगता येते. इथे ते नव्हते. ज्या वाढप्याने चिठ्ठी वाचून दुसऱ्या खेपेला न सांगता साधे ताक आणले, त्याच्या हातात पैसे थेट दिले गेले, आणि मॅनेजरचा नंबर, आचाऱ्याची पाळी आणि चार पदार्थांची कृती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जपून ठेवली.

घरची रचना बदलली तर उत्तरही बदलते. मुलाची ॲलर्जी नसती तर याच १४ जणांसाठी खानावळ पहिली आली असती: विहीणबाईंसाठी बिनफोडणीचे वरण-भात-दूध आधी सांगून, आणि लेकीसाठी घरची भाकरी. विहीणबाई नसत्या तर रात्रीचे जेवणही जमले असते. एकादशीलाच बसायचे असते तर मुलाचे जेवण घरून डब्यात आणून, आजींसाठी साबुदाण्याऐवजी केळी, दूध आणि खजूर घेऊन. आणि माणसे २५ च्या वर गेली तर हॉटेलाचा विचार सोडून छोटे सभागृह आणि केटरर घ्यावा, कारण एवढ्या ऑर्डरींना रविवारच्या स्वयंपाकघरात चार पदार्थ वेगळ्या कढईत करायला हात मोकळा राहत नाही. केटररला मात्र घटकांची यादी देऊन तेल आणि हिंग आपणच आणून द्यावे.